लेखन पन्नास, चित्रे पन्नास

अचाट शक्तीच्या वीरांना घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ते वीर ज्याला घाबरून असावेत असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझ्या आत्याचा मालक होता. आकाशातून उडणारे, भिंती फोडणारे, डोळ्यांतून जाळ काढणारे हे सगळे वीर दिल्लीच्या छापखान्यातून निघून कोल्हापूरच्या स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर येईपर्यंत अगदी बिनघोर असत. तिथून ते मामांच्या कापडी पिशवीत पडले की त्यांचं काही खरं नसे. आत्याच्या मालकांना आमच्यात मामा म्हणतात. हे मामा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. म्हणजे साहेबलोकांनी काढलेल्या कालव्यांच्या नि नद्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालच्या रेषा शाईनं जशाच्या तशा वर उतरवून काढायच्या. सगळी हयात दुसऱ्यांच्या रेषा गिरवण्यात गेल्यामुळं त्यांची नजर अशी काही तयार झाली होती, की आत्यानं थापलेल्या भाकरीचा काठ एका अंगाला जाड असला तर तो त्यांना ताटात पडायच्या आधी, तव्यावर असतानाच खुपायचा. अशा माणसाच्या हातात कॉमिक पडल्यावर दुसरं काय होणार?

नव्वदचं दशक संपता संपता मला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि मी आत्याच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलो. सकाळी कंपनीची बस चौकात यायची. तिथं आमच्या तरुण मंडळाचा एक काळा फळा होता. पाणी कधी येणार नाही, वर्गणी कुणी दिली नाही, दहावीला कुणाचं पोरगं पहिलं आलं, असा सगळा मजकूर त्यावर असायचा. पण गुरुवारचा फळा मामांचा. बुधवारी स्टॉलवर नवीन कॉमिक आली, की गुरुवारी सकाळी फळ्यावर सुबक अक्षरात 'नवीन चित्रकथांचे परीक्षण' झळकायचं. लेखनाला पन्नास गुण, चित्रांना पन्नास गुण. पास व्हायला पस्तीस लागत आणि बहुतेक वीर नापास होत. बोलताना 'हाय', 'न्हाई' करणारे मामा खडू हातात आला की एकदम सरकारी टिपणीत शिरायचे. 'सदर अंकातील नायक पान सातवर पश्चिमेकडे उडत असून त्याच्या पाठीवरील शेलाही पश्चिमेकडेच फडकत आहे. त्याच चित्रात धुराड्याचा धूर मात्र पूर्वेकडे जात आहे. चित्रातील वारा नेमका कोणाच्या हुकमाने वाहतो, याचा चित्रकाराने खुलासा करावा.' हे वाचत उभं राहिल्यामुळं माझी बस दोनदा चुकली.

मंडळाचा एकच नियम होता. गल्लीत कुणी वारलं तर अर्धा फळा निधनवार्तेला द्यायचा. एका गुरुवारी तसं झालं. डाव्या बाजूला काळी चौकट आणि उजव्या बाजूला मामांचं परीक्षण : 'लोहगरुड अखेर कोसळला. लेखकाने त्याला दहाव्या पानावरच मारले होते.' सकाळी फिरायला आलेले एक म्हातारेबाबा चष्मा पुसत बराच वेळ ते वाचत राहिले आणि मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून हळहळून म्हणाले, "लोहगरुड म्हंजे आपल्या गल्लीतलाच का? माती कवा हाय?" मामांनी त्यांना बाकावर बसवलं आणि हा लोहगरुड कोण, त्याची कथा कुठं फसली आणि दहाव्या पानावर मेलेला माणूस बाराव्या पानावर हेलिकॉप्टर कसा अडवतो, हे अर्धा तास समजावून सांगितलं. म्हातारेबाबा दर गुरुवारी यायला लागले.

परीक्षण करायची मामांची पद्धत मोठी शिस्तीची. आधी हात धुवायचे. मग पाटावर स्वच्छ कागद अंथरून त्यावर कॉमिक ठेवायचं. पहिल्या वाचनात ते चित्रातले बोलण्याचे सगळे फुगे कागदाच्या कपट्यांनी झाकून टाकत आणि नुसती चित्रं बघत. दुसऱ्या वाचनात चित्रं झाकत आणि नुसते फुगे वाचत. "दोगं जोडीनं आलं की येकमेकांच्या चुका झाकत्यात," असं ते म्हणायचे. "नवराबायकोला येगयेगळं बसवून इचारल्याबिगर घरात काय चाललंय कळत न्हाई." आत्या आतून ओरडायची, "मग मला कवा बसवून इचारनार हाय?" मामा भिंग डोळ्याला लावून बसलेले असायचे. त्यांना ऐकू जायचं नाही.

चित्रातला माणूस खराखुरा उभा राहू शकतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यासाठी ते कॉमिक घेऊन सरळ तालमीत जायचे. एका अंकात एक वीर एका पायावर उभा राहून, कमरेत असा काही वळला होता की त्याची छाती आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दिसत होत्या. मामांनी एका तगड्या पैलवानाला पान दाखवलं आणि म्हणाले, "असं हुबं ऱ्हाऊन दाव बगू." पैलवान बिचारा आज्ञाधारक. त्यानं पाय उचलला, छाती पुढं काढली, पाठ वळवली, आणि मग त्याची मान जी त्या बाजूला गेली ती परत यायलाच तयार होईना. तीन दिवस तो गल्लीतून खांद्याकडं बघत हिंडत होता. वस्तादांनी मामांना तालमीची पायरी बंद केली. फळ्यावर मात्र शांतपणे आलं : 'सदर पवित्रा घेतल्यास नायक शत्रूच्या हाती लागण्यापूर्वी हाडवैद्याच्या हाती लागेल. चित्रे : पन्नासपैकी नऊ.'

लेखनाच्या बाबतीत त्यांचं सगळं लक्ष खलनायकावर. वीर काय, बोलून चालून चांगलाच असतो. पण खलनायकाला जग ताब्यात कशाला पाहिजे, हे लेखकानं सांगितलं नाही की मामांचं डोकं फिरायचं. "जग घेतलं ताब्यात. बरं. फुडं? रेशन कार्डं कोन देनार? नळाला पानी कोन सोडनार? ह्या डोंबलाच्या राक्षसाला येक गाव सांभाळाय दिलं तर चार दिसांत राजीनामा दिऊन पळंल." अशी पत्रं त्यांनी दिल्लीच्या प्रकाशकांना हिंदीतून लिहिली. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. एकदाच उत्तर आलं. पाकिटात एका वीराचं चकचकीत स्टिकर होतं आणि खाली छापलेलं, 'प्रिय नन्हे दोस्त'. मामा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांनी ते स्टिकर भिंगाखाली धरलं, उजवा अंगठा डाव्या हाताला काढलेला आहे असा शोध लावला आणि स्टिकर परत पाठवून दिलं.

हे सगळं आम्हाला मजेचं वाटायचं. मामांचं वाईटही कुणाला वाटत नसे, कारण ज्यांना ते नापास करत ती माणसं दूर दिल्लीत होती आणि त्यांना आमच्या चौकाचा पत्ताही नव्हता. आणि मग एका बुधवारी मामांच्या पिशवीतून सोळा पानांचं, काळ्या शाईत छापलेलं एक मराठी कॉमिक निघालं. नाव 'जलवज्रा'. पुरात बुडणाऱ्या माणसांना वाचवणारी एक बाई, तिच्या अंगात नदीची ताकद. आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं : कथा आणि चित्रे, सुजाता, शिरोळ. मामांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी हात दोनदा धुतले. आपल्या जिल्ह्यातलं पहिलं! ते चार दिवस त्या सोळा पानांवर बसून होते. शेवटी पुढच्या गुरुवारी फळ्यावर आलं : 'लेखन उत्तम. खलनायक कोणी नसून पूरच आहे, ही कल्पना स्वागतार्ह. पन्नासपैकी तीस. मात्र चित्रांत पुराचे पाणी तळ्यासारखे निश्चल दाखविले आहे. लाटा नाहीत, फेस नाही, वेग नाही. नायिका कशाशी झुंजते हे समजत नाही. चित्रकर्तीने पूर पाहिला नसावा. चित्रे : पन्नासपैकी अकरा.'

त्या रविवारी सकाळी मी नि मामा चौकात उभे होतो. फळा अजून कुणी पुसला नव्हता. एक विशी-बाविशीची मुलगी फळ्यासमोर येऊन थांबली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, बोटांना शाई. तिनं सगळं परीक्षण वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, आणि मागं वळून विचारलं, "ह्ये कुनी लिवलंय?"

"मी," मामा अभिमानानं म्हणाले.

"मी सुजाता. जयसिंगपुरात प्रेसमदी कामाला हाय. फळ्यावर आलंय असं कुनीतरी सांगितलं म्हनून आलतो." शिरोळकडच्या बायका बोलतात तशी ती 'आलतो' म्हणाली. "तुमी पूर बघितलाय?"

"पाटबंधाऱ्यात हाय मी, बाई. पुराच्या रेषा वडून हात झिजलाय. आनि पंचगंगेचा पूर दरसाल पुलावरनं बघतोय की."

"पुलावरनं," ती म्हणाली. "आमी घरातनं बघितलाय."

मामांनी फळ्यावरचं आपलंच अक्षर पुन्हा वाचलं.

"पुलाच्या खांबाला पानी आपटतंय, म्हनून तुमाला तितं फेस दिसतो, आवाज येतो. आमच्यात आवाज येत न्हाई, मामा. आवाज करत आला असता तर आमची म्हस तरी सुटली असती. उसातनं गुमान येतोय. सपाट. काडी वाहत जाती ती सुदा हळूच. पानी चढतंय ह्ये भिंतीकडं बघितल्याबिगर कळत न्हाई." तिनं फळ्यावरच्या अकराकडं बोट दाखवलं. "मला लाटा काडाय येत न्हाईत म्हनून मी सपाट काडलं न्हाई. तसंच असतंय म्हनून काडलं."

तिचा आवाज कुठंच चढला नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून "घरी चला, च्या घेऊया," म्हणालो. ती आली, आत्याशी नीट बोलली, चहा प्यायली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. मामांचा चहा तसाच राहिला. ती गेल्यावर आत्या त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "येवडं शाईनं हात बरबटवून पोरीनं पुस्तक केलं, आनि तुमी भर चौकात तिला अकरा मार्क दिलं व्हय? खुर्चीत बसून?"

त्या गुरुवारी फळा कोरा राहिला. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदा. लोकांनी विचारलं, मामांची तब्येत बरी नाही का? म्हातारेबाबा बाकावर बसून वाट बघून गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही फळा कोरा. स्टॉलवरून आणलेले नवीन अंक पाटावर तसेच पडून होते. मामा ऑफिसातून यायचे आणि 'जलवज्रा' उघडून फुगे न झाकता बघत बसायचे.

महिन्याभरानं पावसानं जोर धरला. कृष्णेला पाणी चढतंय, शिरोळकडचे रस्ते बंद व्हायला लागलेत, अशा बातम्या आल्या. एक दिवस मामा सकाळी माडीवर आले आणि म्हणाले, "रजा टाक. शिरोळला जायचं हाय." त्यांनी स्वतः, नोकरीत पहिल्यांदाच, रजा टाकली होती. त्यांच्या ऑफिसात हे ऐकून म्हणे दोघांनी एकाच वेळी खुर्चीवरून उठून पाहिलं.

जयसिंगपूरपर्यंत एसटी मिळाली. पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं आणि जिथं डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत होता तिथं सोडलं. समोर ऊस होता, पण त्याचे नुसते शेंडे वर. बाकी सगळं पाणी, लांबपर्यंत. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या अगदी काठावर जाऊन उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. मीही ऐकलं. काही ऐकू येत नव्हतं. मागं माणसं बोलत होती, शेळ्या ओरडत होत्या, ट्रॅक्टर धडधडत होता. समोरच्या एवढ्या मोठ्या पाण्याला मात्र आवाजच नव्हता. मामांनी एक काटकी उचलली आणि पाणी जिथं संपत होतं त्या रेषेवर रोवली. थोड्या वेळानं काटकी पाण्यात उभी होती. पाणी पुढं सरकताना आम्हा दोघांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. त्यांनी दुसरी काटकी रोवली. मग तिसरी. आयुष्यभर ज्या रेषा त्यांनी टेबलावर बसून काढल्या, त्यातली एक त्यांच्या चपलांखालून चालली होती.

"ओ पावणं!" मागून एक दणदणीत आवाज आला. "बगत काय हुबा ऱ्हायलाय? धरा की ह्ये!" ट्रॉलीत सामान चढवणाऱ्या एका माणसानं मामांच्या हातात धान्याचं पोतं दिलं. मामांनी ते धरलं. मग दुसरं धरलं. मग एक पत्र्याची पेटी, एक शिलाई मशीन, एक रागावलेली कोंबडी. दुपारपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. मामांच्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ट्रॉलीवरून सामान घ्यायला सुजाता वाकली. तिनं मामांना पाहिलं. मामांनी तिला पाहिलं. दोघांच्या मध्ये गोधड्यांचं गाठोडं होतं.

"परीक्षण कराय आलाय व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "बघाय आलोय."

पाणी उतरल्यावर पहिल्या गुरुवारी फळा भरला. त्या दिवशी माझी बस तिसऱ्यांदा चुकली. 'शुद्धिपत्र. "जलवज्रा" अंक पहिला, याच्या परीक्षणात चित्रांतील पाण्याविषयी व्यक्त केलेले मत चुकीचे होते. चित्रकर्तीने पूर घरातून पाहिला होता. परीक्षकाने तो पुलावरून पाहिला होता. सबब सदर मत मागे घेण्यात येत असून चित्रकर्तीची माफी मागण्यात येत आहे. चित्रे : पन्नासपैकी अडतीस.' अडतीस! आमच्या चौकात इतके गुण कुणाला पडले नव्हते. खाली थोडी जागा सोडून, राहवलं नाही म्हणून, आणखी एक ओळ होती : 'मात्र पान नऊवरील नायिकेचा डावा हात अद्यापही उजव्यापेक्षा मोठाच आहे.'

सुजातानं येऊन ते वाचलं आणि मोठ्यानं हसली. "हात मोठाच हाय," म्हणाली. "त्ये खरं हाय."

त्यानंतर तिनं आणखी तीन अंक काढले. पेन्सिलीतली पानं आधी मामांकडं पोस्टानं यायची. मामा त्यावर पारदर्शक कागद ठेवून बारीक अक्षरात शेरे लिहीत आणि परत पाठवत. शेऱ्याखाली शेरा, त्यावर तिचं उत्तर, त्यावर मामांचा प्रतिप्रश्न, असा तो कागद चार-चारदा शिरोळला जाऊन यायचा. तिच्या अंकांचं परीक्षण मात्र त्यांनी फळ्यावर पुन्हा कधी लिहिलं नाही. "आता मी घरातला झालो. घरातल्यानं मार्क द्यायचं नसत्यात," म्हणाले. आत्या त्या मुलीसाठी दर दिवाळीला डबा भरून ठेवायची आणि ती येईपर्यंत मामांना त्यातली एक करंजीसुद्धा देत नसे.

मग सुजाताला पुण्यात ॲनिमेशनच्या एका कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टीतली मागची दृश्यं रंगवायची : आकाश, डोंगर, झाडं. 'जलवज्रा'चा पाचवा अंक निघाला नाही. "पगाराची नोकरी हाय. चांगलंच झालं की," मामा सगळ्यांना सांगायचे. विचारलं नाही तरी सांगायचे. हळूहळू स्टॉलवर दिल्लीची कॉमिक येणंही कमी होत गेलं आणि एक दिवस स्टॉलवाल्यानं, आता ती मागवत नाही, म्हणून सांगितलं. फळ्याच्या जागी मंडळानं फ्लेक्स लावायला सुरुवात केली. मामाही रिटायर झाले.

दोन-एक वर्षांनी सुजाताचं पत्र आलं. त्यांनी केलेलं एक कार्टून रविवारी सकाळी टीव्हीवर लागणार होतं. त्यात एके ठिकाणी राक्षस पुलावरून पळतो, त्या पुलाखालची नदी तिनं रंगवली होती. मामांना टीव्हीचा तिटकारा. पण त्या रविवारी त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं टीव्हीची काच पुसली आणि खुर्ची जवळ ओढून बसले. आत्या हातातलं काम टाकून बाहेर आली. मी आलो. कार्टून सुरू झालं. पोरं ओरडत होती, काहीतरी फुटत होतं. मग तो पूल आला, राक्षस धावला, आणि खाली नदी दिसली. सपाट, संथ, मातकट. तिच्यावरून एक गवताची काडी चालली होती. आम्ही नीट बघेपर्यंत पडद्यावर दुसरंच काहीतरी आलं.

"गेली?" मामांनी विचारलं.

"गेली."

"परत दावत्यात का?"

"न्हाई, मामा. म्होरं गेलं त्ये."

एकेका चित्रासमोर चार-चार दिवस बसणारा तो माणूस. त्यांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. मग म्हणाले, "पोरीची नदी बघाय वेळच दिला न्हाई की."

कार्टून संपलं तसं खालून वर नावं सरकायला लागली. बारीक इंग्रजी अक्षरं, झरझर. मामा वाकून बघत होते, पण त्यांच्या डोळ्यांना आता तेवढं जमत नव्हतं.

"नाव आलं का तिचं?"

मलाही ते दिसलं नव्हतं. "आलं की," मी म्हणालो.

"नीट लिवलं हुतं?"

"व्हय, मामा. नीट हुतं."

मामांनी समाधानानं मान हलवली. आत्यानं टीव्ही बंद केला, तरी ते बराच वेळ त्या पुसलेल्या काचेकडं बघत तसेच बसून होते.